देवळालीची बार्न्स शाळा आणि आगगाडीचीं मुलें

महाराष्ट्रांतील शिक्षणाचा इतिहास लिहितांना आपले लेखक बहुधा तीन दालनांची पाहणी करतात. पहिलें सरकारी शाळांचें, दुसरें मिशनऱ्यांच्या शाळांचें आणि तिसरें चिपळूणकर-टिळक-आगरकरांपासून चालत आलेल्या खाजगी देशी शाळांचें. चौथें एक दालन आहे. पण त्याच्या दाराशीं सहसा कोणी थांबत नाहीं. तें म्हणजे या देशांत कायमची वस्ती करून राहिलेल्या युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांच्या मुलांकरितां निघालेल्या शाळांचें. या शाळा आपल्या नव्हेत, त्यांचा आपला संबंध नाहीं, अशी एक समजूत पूर्वींपासून रूढ आहे. ती कितपत खरी आहे हें एका शाळेच्या उदाहरणानें तपासून पाहावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे. ती शाळा म्हणजे नाशिकजवळील देवळाली येथील बार्न्स हायस्कूल. मुलामुलींची एकत्र, इंग्रजी माध्यमाची, आणि विद्यार्थ्यांनीं शाळेंतच राहून शिकावयाची ही शाळा १९२५ सालीं उघडली. पण तिचें मूळ त्याहून दोनशें वर्षें मागें जातें.

कुर्डुवाडीहून हा विषय लिहावा असें आम्हांस वाटलें, याला कारण आहे. कुर्डुवाडी हें आगगाडीनें घडविलेलें गांव. पुण्याहून सोलापुराकडे जाणारा जी. आय. पी. रेल्वेचा मार्ग १८५९-६० सालीं माढें तालुक्यांतून गेला. आणि १८९७ सालीं एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनियरानें अडीच फूट रुंदीची बार्शी लाइट रेल्वे येथून बार्शीपर्यंत २१ मैल नेली. पुढें ही छोटी गाडी पंढरपूर, लातूर आणि अखेर १९२७ सालीं मिरज येथवर पोंचली. जेथें जंक्शन तेथें रेल्वेची वसाहत. आणि जेथें रेल्वेची वसाहत तेथें एक प्रश्न हमखास उभा राहतो. आज येथें, उद्यां दौंडास, परवां भुसावळास अशी ज्याची बदली होत राहते, त्या ड्रायव्हरच्या किंवा गार्डाच्या मुलांनीं शिकावें कोठें? मराठी नोकरापाशीं या प्रश्नाचें बरेंवाईट उत्तर तरी होतें. त्याचें मागें गांव होतें, घर होतें, आजीआजोबा होते, चुलता होता. त्याचें मूल गांवीं राहून शिके, किंवा दुर्दैवानें शिकतच नसे. परंतु ज्याला मागें गांवच नव्हतें, ज्याचा बाप आगगाडींत, आजा पलटणींत आणि पणजा सातासमुद्रांपलीकडे, त्यानें आपलीं मुलें कोणाच्या हवालीं करावीं? बोर्डिंग शाळा ही या माणसाची चैन नव्हती. ती त्याची गरज होती. हा मुद्दा नीट ध्यानांत घेतल्यावांचून अशा शाळांचा इतिहास समजत नाहीं.

हे लोक कोण, हेंही थोडक्यांत सांगितलें पाहिजे. पूर्वीं ज्यांस 'युरेशियन' म्हणत, त्यांना १९११ च्या खानेसुमारीपासून सरकारी कागदांत 'अँग्लो-इंडियन' म्हणूं लागले. आपल्या राज्यघटनेच्या ३६६ व्या कलमांत त्यांची व्याख्या आहे: ज्याचा बाप किंवा बापाच्या बाजूचा कोणी पूर्वज युरोपियन वंशाचा, आणि जो स्वतः याच देशाचा रहिवासी, तो अँग्लो-इंडियन. राज्यकर्त्यांच्या रक्ताचा कांहीं अंश अंगांत असूनही यांना राज्यकर्त्यांच्या पंक्तीस पाट मिळाला नाहीं, आणि येथल्या जातींनींही आपल्यांत घेतलें नाहीं. सरकारनें त्यांना रेल्वे, तार, टपाल आणि जकात या खात्यांत पसंती दिली. विशेषतः आगगाडीचें इंजिन हांकण्याचें काम दीर्घकाळ त्यांच्याच हातांत राहिलें. म्हणून 'अँग्लो-इंडियन मूल' म्हणजे बऱ्याच अंशीं 'आगगाडीचें मूल' असें समीकरण झालें होतें.

आतां शाळेच्या मुळाकडे वळूं. मुंबईच्या किल्ल्यांत सेंट थॉमसचें इंग्रजी देऊळ १७१८ च्या नाताळांत उघडलें. तें बांधण्याकरितां झटलेला ईस्ट इंडिया कंपनीचा पाद्री रिचर्ड कॉब यानें त्याच सुमारास देवळाजवळ एक लहानशी धर्मार्थ शाळा घातली. तिच्यांत गरीब घरचीं बारा मुलें ठेवून त्यांना अन्न, वस्त्र आणि अक्षरज्ञान देण्याची सोय होती. कंपनीचे शिपाई आणि खलाशी येथील हवेनें व रोगराईनें झपाट्यानें मरत. त्यांचीं पोरकीं मुलें बाजारांत भटकत. त्यांच्यासाठीं हा उद्योग. सुमारें शंभर वर्षें ही शाळा आपल्या मगदुराप्रमाणें चालली. परंतु फौजा वाढल्या, मराठ्यांशीं लढाया झाल्या आणि पोरक्या मुलांची संख्या त्या शाळेच्या आंवाक्याबाहेर गेली.

१८१३ च्या सनदेनें कंपनीच्या मुलुखांत इंग्लंडच्या चर्चची रीतसर व्यवस्था झाली, आणि जॉर्ज बार्न्स हा मुंबईचा पहिला आर्चडीकन म्हणून आला. या गृहस्थानें १८१५ सालीं वर्गण्या गोळा करून एक मंडळी स्थापन केली. मुंबई इलाख्यांतील गरिबांच्या शिक्षणास उत्तेजन देणारी मंडळी, असें तिचें लांबलचक नांव. व्यवहारांत तिला 'बॉम्बे एज्युकेशन सोसायटी' म्हणत. येथें मराठी वाचकानें क्षणभर थांबावें. कारण पेशवाई बुडाल्यानंतर १८२० सालीं याच मंडळीनें देशी लोकांच्या शाळा आणि शाळांचीं पुस्तकें यांकरितां एक वेगळी समिति नेमली. १८२२ सालीं ती समिति मूळ मंडळीपासून स्वतंत्र झाली. हीच ती आपली 'हैंदशाळा पुस्तकमंडळी'! माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन तिचा अध्यक्ष, कॅप्टन जर्व्हिस तिचा चिटणीस, सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे आणि पुढें बाळशास्त्री जांभेकर तिचे देशी चिटणीस. मराठींतील पहिलीं छापील गणितें, इसापनीति, बाळमित्र हीं सारीं तिच्या आश्रयानें निघालीं. म्हणजे ज्या झाडाच्या एका फांदीवर देवळालीची इंग्रजी शाळा आली, त्याच झाडाच्या दुसऱ्या फांदीवर अर्वाचीन मराठी गद्याची पहिली पालवी फुटली. दोन्ही फांद्या पुढें इतक्या दूर वाढल्या कीं खोड एकच होतें याचा विसर पडला.

दुसरें असेंच एक नातें आहे. मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशांत त्याला साहाय्य करणारे दोघे जुळे भाऊ होते, थॉमस कँडी आणि जॉर्ज कँडी. यांपैकीं थॉमस कँडी म्हणजे मराठी क्रमिक पुस्तकांची भाषा ठाकठीक करणारे, मराठींत विरामचिन्हांची वहिवाट पाडणारे आपले 'कँडीसाहेब'. त्यांचें नांव मराठी भाषेच्या इतिहासांत ठळकपणें आहे. परंतु त्यांचा भाऊ जॉर्ज लष्करी पेशा सोडून धर्मोपदेशक झाला, आणि मुंबईंतील इंडो-ब्रिटिश मुलांची, म्हणजे ज्यांस आपण वर अँग्लो-इंडियन म्हटलें त्यांची, शाळा काढून तिच्यांतच त्यानें आयुष्य घालविलें. एका भावानें मराठी मुलांच्या भाषेची चिंता वाहिली, दुसऱ्यानें ज्यांना धड कोणतीच भूमि नव्हती अशा मुलांची. आपल्या इतिहासानें एकाची आठवण ठेवली. दुसऱ्याचें काम कमी दयाळूपणाचें होतें असें नाहीं. पण तें ज्यांच्यासाठीं झालें ते आपला इतिहास लिहिण्याइतके संख्येनें किंवा स्थैर्यानें बलवान नव्हते.

बार्न्सच्या मंडळीनें १८२५ च्या सुमारास भायखळ्यास मुलांची आणि मुलींची अशा दोन शाळा बांधल्या. जुन्या इंग्रजी पुस्तकांचीं मुखपृष्ठें ज्यांनीं चाळलीं असतील त्यांना 'एज्युकेशन सोसायटीचा छापखाना, भायखळा' हीं अक्षरें परिचयाचीं असतील. तो छापखाना याच मंडळीचा. शंभर वर्षांत भायखळ्याचा नूर पालटला. ज्या माळावर मोकळी हवा म्हणून शाळा नेली, तेथें गिरण्यांचीं धुराडीं, चाळी आणि रेल्वेचे रूळ यांची दाटी झाली. १८९६ पासून मुंबईंत प्लेगनें ठाण मांडलें. वाढत्या वयाच्या शेंकडों मुलांना अशा ठिकाणीं कोंडून ठेवणें गैर आहे, हा विचार चालकांच्या मनांत बळावत गेला. १८६० सालीं व्हाइसरॉय कॅनिंग यानें एक टिपण लिहून असा इशारा दिला होता कीं, देशांत वस्ती केलेल्या युरोपियनांच्या मुलांच्या शिक्षणाकडे दुर्लक्ष केलें, तर तो वर्ग पुढें सरकारला धोक्याचा होईल. आणि या मुलांकरितां थंड हवेच्या जागीं शाळा निघाव्यात. उत्तरेंत सनावरची लॉरेन्स शाळा त्याआधींच, १८४७ सालीं, शिपायांच्या मुलामुलींकरितां निघाली होती. मुंबईच्या मंडळीनें डोंगरमाथा न निवडतां देवळाली निवडली. तेथें लष्कराचा तळ होता, हवा कोरडी व निरोगी होती, आणि मुख्य म्हणजे जी. आय. पी. रेल्वेच्या हमरस्त्यावरच स्टेशन होतें.

१९२३ सालीं गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या हस्तें कोनशिला बसली, आणि जानेवारी १९२५ मध्यें शाळा सुरू झाली. पहिल्या आर्चडीकनाच्या स्मरणार्थ तिला बार्न्सचें नांव दिलें. शहरांतील दिवसाचीं मुलें भायखळ्यासच राहिलीं. राहून शिकणारीं मुलें देवळालीस गेलीं. योगायोग असा कीं त्यानंतर थोड्याच दिवसांनीं, ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं, बोरीबंदर ते कुर्ला अशी देशांतील पहिली विजेची आगगाडी धांवली, आणि त्याच वर्षीं १ जुलैस जी. आय. पी. रेल्वे कंपनीच्या हातून सरकारच्या ताब्यांत आली. ज्या वाफेच्या इंजिनावर या मुलांच्या बापांची भाकरी होती, त्याचे दिवस भरण्यास त्याच सालीं आरंभ झाला, हें त्या वेळीं कोणाच्या मनांतही आलें नसेल.

आतां अशा शाळेंतील जीवनक्रम पाहूं. त्याचा आत्मा म्हणजे घंटा. उठणें, कवाईत, न्याहारी, वर्ग, खेळ, संध्याकाळचा अभ्यास, प्रार्थना, निजणें, सारें घंटेवर. ज्याच्या बापाचें आयुष्य वेळापत्रकावर चाललें त्या मुलाचेंही वेळापत्रकावरच चालावें, यांत एक प्रकारची सुसंगति होती. इंग्लंडांतील शाळांच्या धर्तीवर मुलें निरनिराळ्या 'हाउसां'त वांटलेलीं असत; खेळांतले, अभ्यासांतले आणि शिस्तींतले गुण त्या त्या हाउसच्या नांवें जमा होत. वरच्या वर्गांतील निवडक विद्यार्थी 'प्रीफेक्ट' म्हणून खालच्यांवर देखरेख करीत. या व्यवस्थेची थट्टा करणें सोपें आहे. परंतु जें मूल दरवर्षीं नवें गांव, नवे शेजारी, नवे सवंगडी पाहात आलें, त्याला एका जागीं आठ-दहा वर्षें तेच मित्र, तींच झाडें, तोच पलंग मिळणें याची किंमत काय असेल, हें बदलीच्या नोकरींत पोरें वाढविलेल्या कुटुंबांस विचारावें. उलट बाजूही तितकीच खरी आहे. सहा-सात वर्षांचें पोर आईपासून तोडून महिनेच्या महिने दूर ठेवावयाचें, त्याचा ताप, त्याचें रडणें, त्याचे पडलेले दांत हे आईनें पत्रांतून वाचावयाचे. सुटी लागली कीं रेल्वेच्या पासावर त्यानें दूरच्या कोणत्या तरी स्टेशनावर उतरावयाचें, आणि तेथें आईबाप नव्याच बंगल्यांत राहात असलेले पाहावयाचे. घर म्हणजे शाळा आणि पाहुणचार म्हणजे घर, असा हा उलटा संसार होता. ज्या गुणांचें पुढें कौतुक झालें, म्हणजे स्वावलंबन, सांघिक वृत्ति, नीटनेटकेपणा, त्यांची किंमत अशी लहानपणींच चुकती होत असे.

या शाळेचें आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे मुलामुलींचें सहशिक्षण. भायखळ्यास मुलग्यांची व मुलींची शाळा निराळी होती; देवळालीस निजण्याराहण्याच्या इमारती निराळ्या, पण शाळा एक, असा प्रकार झाला. इंग्लंडांतील मोठमोठ्या नामांकित बोर्डिंग शाळा तेव्हां केवळ मुलग्यांच्या होत्या. क्वेकर पंथाच्या अ‍ॅकवर्थ शाळेनें १७७९ पासून मुलगे आणि मुली दोघांनाही आसरा दिला होता खरा. पण तत्त्व म्हणून सहशिक्षणाचा पुरस्कार करणारी बीडेल्स ही शाळा निघाली १८९३ सालीं, आणि तिच्यांत मुली आल्या १८९८ सालीं. त्या मानानें देवळालीस जें घडलें तें तत्त्वापेक्षां व्यवहारानें घडलें असें आम्ही मानतों. लहान समाज, थोडा पैसा, दोन निरनिराळ्या शाळांना शिक्षक व इमारती पुरविणें अवघड; आणि ज्या बापाचीं तीन मुलें शिकावयाचीं, त्याला तीं एकाच ठिकाणीं असलेलीं बरीं. भावाबहिणींना एकमेकांचें तोंड दिसत राहावें, एवढ्या साध्या कारणानेंही मोठी सुधारणा घडूं शकते.

याच ठिकाणीं महाराष्ट्राची आठवण होते. स्त्रीपुरुषांना एकच शिक्षण द्यावें व तेंही एकत्र द्यावें, असें प्रतिपादन करणारा निबंध आगरकरांनीं 'सुधारकां'त लिहिला, त्याला देवळालीची शाळा निघेपर्यंत तीस वर्षें उलटून गेलीं होतीं. आगरकरांनीं तें न्यायाच्या आणि समाजहिताच्या पायावर मांडलें. त्याबद्दल त्यांना शिव्याशाप मिळाले. पुण्यास हुजूरपागेची मुलींची शाळा १८८४ सालीं निघाली तेव्हां मुलींना इंग्रजी शिकवावें कीं नाहीं यावरच रण माजलें होतें. आपल्याकडे विचार पुढें आणि आचार मागें. देवळालीस विचाराची फारशी वाच्यता नाहीं, पण आचार आपोआप पुढें गेलेला. एका समाजाला परंपरेचा भार होता, दुसऱ्याला परंपराच नव्हती. आणि कधीं कधीं परंपरा नसणें हीही एक मोकळीक ठरते.

परंतु तेथें काय शिकविलें जाई, हें पाहिलें म्हणजे या मोकळिकीची मर्यादा कळते. वरच्या वर्गांतील परीक्षा केंब्रिजच्या; प्रश्न इंग्लंडांत काढावयाचे आणि उत्तरेंही तिकडेच तपासावयाचीं. गोदावरीपासून कांहीं मैलांवर बसलेल्या मुलांनीं टेम्सच्या कांठचा इतिहास पाठ करावा, नाशिकच्या पांडवलेण्यांऐवजीं नॉर्मन किल्ल्यांचीं चित्रें काढावीं, अशी ही व्यवस्था. मराठी भाषा या मुलांच्या कानांवर स्टेशनांत, बाजारांत, स्वयंपाकघरांत पडे. पण ती शिकण्याची भाषा आहे असें त्यांच्या शिक्षणक्रमानें त्यांना सांगितलें नाहीं. परिणाम असा झाला कीं ज्या देशांत जन्म, ज्या देशांत नोकरी आणि ज्या देशांत मरण, त्या देशाशीं बोलण्याचें साधनच त्यांच्या हातांत राहिलें नाहीं. इंग्रज निघून गेला तेव्हां तो आपल्या घरीं गेला. या लोकांना मात्र स्वतःच्या घरांत परकें झाल्यासारखें वाटलें, आणि त्यांपैकीं पुष्कळांनीं इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कानडा यांची वाट धरली. याचा सगळा दोष शाळेच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. पण शाळेनें त्यांना निघून जाण्याची तयारी जितकी करून दिली तितकी राहण्याची करून दिली नाहीं, हें म्हटल्यावांचून राहवत नाहीं.

देवळालीच्या एकच वर्ष आधीं, १९२४ सालीं, भाऊराव पाटलांनीं साताऱ्यास आपलें बोर्डिंग सुरू केलें होतें. १९२७ सालीं गांधीजींच्या हस्तें त्याला छत्रपति शाहूंचें नांव मिळालें. तेथें महार, मराठा, मांग, मुसलमान, जैन अशीं सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस बसून जेवत आणि स्वतः राबून शिकत. दोन्ही ठिकाणीं मूळ तत्त्व एकच: घरची परिस्थिति मुलाला शिकूं देत नसेल, तर मुलाला निराळें घर द्यावें. पण एका बोर्डिंगनें मुलाला त्याच्या भूमीशीं घट्ट बांधलें, तर दुसऱ्यानें भूमीवरून वर उचललें. साताऱ्याच्या मुलानें नांगर सोडला नाहीं. देवळालीच्या मुलाच्या हातीं तो कधीं आलाच नव्हता. बार्शीस मामासाहेब जगदाळ्यांनीं जें शिक्षणकार्य उभारलें तेंही साताऱ्याच्याच जातीचें. आमच्या जिल्ह्यांतील कुणब्याचीं पोरें शिकलीं तीं या वाटेनें.

स्वराज्य आलें. राज्यघटनेनें अँग्लो-इंडियनांना कांहीं काळापुरती सवलत दिली. ३३६ व्या कलमानें रेल्वे, जकात, टपाल व तार या खात्यांतील त्यांच्या राखीव जागा दर दोन वर्षांनीं दहा टक्के घटवीत दहा वर्षांत संपवावयाच्या ठरल्या. ३३७ व्या कलमानें त्यांच्या शाळांचीं विशेष अनुदानें दर तीन वर्षांनीं तशींच घटवीत दहा वर्षांत बंद व्हावयाचीं होतीं. मात्र या दुसऱ्या कलमास एक अट होती, आणि ती फार मोलाची ठरली. ज्या शाळेला हें अनुदान हवें, तिनें दरसाल प्रवेशाच्या निदान चाळीस टक्के जागा इतर समाजांच्या मुलांस खुल्या ठेविल्या पाहिजेत. अशा रीतीनें जी शाळा एका समाजापुरती निघाली तिचें दार कायद्यानेंच उघडें झालें. डिसेंबर १९५३ मध्यें बार्न्स शाळेंत ४१५ विद्यार्थी होते. त्यांपैकीं २१२ अँग्लो-इंडियन. उरलेले २०३, म्हणजे जवळजवळ निम्मे, इतर समाजांचे. शाळेनें अट पाळली होती, किंबहुना अटीहून अधिक केलें होतें.

आणि याच वेळीं मुंबई सरकारनें एक हुकूम काढला. ६ जानेवारी १९५४ च्या त्या हुकुमानें असें ठरविलें कीं, अँग्लो-इंडियन आणि आशियाबाहेरच्या वंशाचे नागरिक यांच्या मुलांखेरीज दुसऱ्या कोणालाही इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत घेऊं नये. (बार्शी लाइट रेल्वे सरकारनें विकत घेतली ती त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेस, कुर्डुवाडीकरांना तो महिना अधिक याचमुळें आठवतो.) हुकुमामागील हेतु वाईट होता असें आम्ही म्हणणार नाहीं. मुलाचें शिक्षण देशी भाषेंतून व्हावें, इंग्रजीचें स्तोम कमी व्हावें, ही इच्छा त्या पिढीच्या देशभक्तींतून आलेली होती. मराठी शाळांतही इंग्रजी त्या काळीं वरच्या इयत्तांपर्यंत मागें ढकललेली होती. पण त्या हुकुमाप्रमाणें एका भारतीय ख्रिस्ती पालकाच्या मुलीला, जिची घरची भाषाच इंग्रजी होती, आणि एका गुजराती डॉक्टरांच्या मुलाला देवळालीच्या शाळेंत प्रवेश नाकारावा लागला. पालक आणि शाळा चालविणारी बॉम्बे एज्युकेशन सोसायटी, तीच १८१५ ची, हायकोर्टांत गेले. त्यांच्या बाजूनें उभे राहिलेले तरुण वकील होते नानी पालखीवाला.

फेब्रुवारी १९५४ मध्यें मुख्य न्यायमूर्ति छागला आणि न्यायमूर्ति दीक्षित यांनीं हुकूम रद्द ठरविला. सरकार सुप्रीम कोर्टांत गेलें. २६ मे १९५४ रोजीं न्यायमूर्ति सुधीरंजन दास यांनीं निकाल देऊन सरकारचें अपील फेटाळलें. सरकारचें म्हणणें असें होतें कीं घटनेचें २९ (२) वें कलम अल्पसंख्यांकांपुरतें आहे, आणि आमचा हेतु कोणाला वगळण्याचा नसून राष्ट्रभाषेच्या उत्कर्षाचा आहे. कोर्टानें सांगितलें कीं, सरकारी मदत घेणाऱ्या शाळेंत केवळ भाषेच्या कारणानें प्रवेश नाकारला जाऊं नये, हा हक्क प्रत्येक नागरिकाचा आहे, मग तो बहुसंख्य असो कीं अल्पसंख्य. आणि हेतु कितीही चांगला असला तरी प्रवेश नाकारण्याचें प्रत्यक्ष कारण काय हेंच पाहावयाचें. शिवाय ज्या शाळेवर घटनेनेंच चाळीस टक्के जागा इतरांस देण्याचें बंधन घातलें, तिला त्या जागा देऊं नको म्हणून सांगण्याचा अधिकार सरकारास नाहीं. मुंबईच्या एका पाद्र्यानें पोरक्या गोऱ्या मुलांकरितां काढलेल्या मंडळीनें अशा रीतीनें सर्व भारतीय मुलांचा एक हक्क कोर्टांतून मिळवून दिला.

या निकालाकडे मराठी माणसानें कोणत्या दृष्टीनें पाहावें? मराठी शाळांचा कैवार घेणाऱ्यांना तो आजही खुपतो, आणि त्यांची तळमळ आम्हांस समजते. इंग्रजी माध्यमाच्या शाळांचा जो पूर पुढें आला त्यांत कितीतरी मराठी शाळा ओस पडल्या. परंतु हुकुमाचा परिणाम काय झाला असता, तें पाहा. इंग्रजी माध्यम नाहींसें होणार नव्हतें. तें फक्त वंशावरून वांटलें जाणार होतें. ज्याच्या नांवापुढें युरोपियन आडनांव आहे त्याला इंग्रजी, आणि ज्याच्या नांवापुढें जोशी किंवा कांबळे आहे त्याला मनाई. ही व्यवस्था मराठीचा मान वाढविणारी खास नव्हती. मराठीचा मान वाढावयाचा तर मराठी शाळा इतकी चांगली हवी कीं दुसऱ्या शाळेचें दार उघडें असूनही मूल तिकडे जाणार नाहीं. दुसऱ्याचें दार लावून आपलें घर भरत नाहीं, एवढा बोध त्या खटल्यांतून आपण घ्यावा.

तथापि उघडलेल्या दारांतून आंत कोण गेलें, हाही प्रश्न विचारला पाहिजे. ज्या शाळेचा पाया बारा अनाथ मुलांवर घातला गेला, तशा शाळा पुढें सर्वत्र फी देऊं शकणाऱ्यांच्या झाल्या. कायदा वंशाची आणि भाषेची अडसर काढतो. पैशाची काढीत नाहीं. १९६० च्या सुमारास अँग्लो-इंडियनांच्या राखीव नोकऱ्या संपल्या, त्यांच्यांतील बरेचजण देशांतर करून गेले, आणि विधिमंडळांतील व लोकसभेंतील त्यांच्या नेमणुकीच्या जागाही १०४ व्या घटनादुरुस्तीनें २०२० सालीं बंद झाल्या. बार्न्स शाळा मात्र चालूच राहिली. २०२५ सालीं तिला शंभर वर्षें पुरीं झालीं. ज्यांच्यासाठीं ती निघाली ते आतां तेथें थोडे, आणि ज्यांच्यासाठीं ती नव्हती ते पुष्कळ. शाळा समाजापेक्षां दीर्घायुषी ठरली.

कुर्डुवाडीच्या बाजूनें पाहिलें तर या इतिहासाचा गाभा आम्हांस निराळाच वाटतो. छोट्या गाडीचे रूळ गेले, त्यांच्या जागीं रुंद रूळ आले. बदलीवर फिरणारा गोरा ड्रायव्हर केव्हांच दिसेनासा झाला. पण फिरस्त्या बापाचें मूल दिसेनासें झालेलें नाहीं. सोलापूर जिल्ह्यांत आज साखर कारखान्यांची दाटी आहे, आणि दर हंगामांत ऊस तोडणाऱ्यांचे तांडे बैलगाड्यांतून व ट्रॅक्टरांतून माढें, पंढरपूर, माळशिरस या भागांत उतरतात. त्यांच्या कोप्यांभोंवतीं वाढत्या वयाचीं मुलें धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन हिंडत असतात. गांवाकडील शाळेच्या पटावर त्यांचीं नांवें असतात, मुलें नसतात. सरकारनें त्यांच्याकरितां हंगामी वसतिगृहांची योजना काढली आहे. आणि जेथें ती नीट चालते तेथें आजीपाशीं किंवा शेजाऱ्यापाशीं राहिलेलें मूल शाळेंत टिकतें. प्रश्न तोच आहे, जो रेल्वेच्या वसाहतीनें दीडशें वर्षांपूर्वीं उभा केला: ज्याच्या बापाची भाकरी एका जागीं नाहीं, त्याची पाटी एका जागीं कशी ठेवावी?

रेल्वेच्या मुलांना त्या काळीं एक मंडळी मिळाली, वर्गण्या मिळाल्या, सरकारी अनुदान मिळालें, लाटसाहेबानें कोनशिला बसविली आणि दगडी इमारत उभी राहिली; कारण तीं राज्यकर्त्यांच्या दूरच्या नात्यांतलीं होतीं. ऊसतोडणाऱ्याचीं मुलें आतांच्या राज्यकर्त्यांच्या जवळच्या नात्यांतलीं आहेत. तीं त्यांचींच लेकरें आहेत, कारण राज्य लोकांचें आहे. मुलाला आईपासून सहा महिने दूर ठेवण्यांतलें दुःख देवळालीच्या इतिहासांत आपण पाहिलें; तें कमी करावयाचें तर वसतिगृह गांवाजवळचें, गांवच्या भाषेंतलें आणि भावाबहिणींना एकत्र ठेवणारें असलें पाहिजे, हेंही त्याच इतिहासानें शिकविलें. परक्यांच्या शाळेचा इतिहास म्हणून जो आपण बाजूस ठेविला होता, त्यांत आपल्याच घरच्या एका थकलेल्या देण्याचा हिशेब लिहिलेला आहे. तें देणें फेडण्याची तजवीज आपण केव्हां करणार, एवढेंच आतां विचारावयाचें उरतें.